संगणकात हेर शिरतात कसे?



दहावीचा निकाल लागला की जळगाव काय किंवा धुळे काय, घरोघर एकच धांदल उडते. प्रवेशाचा अर्ज भरायचा, शिष्यवृत्तीचा भरायचा, दाखले जोडायचे, आणि हे सारे संगणकावर. पुष्कळ अर्जांत एक अट हटकून असते : छायाचित्र ५० केबीपेक्षा मोठे नसावे. आपल्याजवळचे छायाचित्र मोबाइलवर काढलेले, चांगले चार हजार केबीचे! मग कोणीतरी सुचवतो, "अरे, फोटो लहान करायचे सॉफ्टवेअर फुकट मिळते की." शोध घेतला तर अशी पन्नास ठिकाणे दिसतात. एका पानावर भलेमोठे हिरवे बटण असते, त्यावर 'डाउनलोड' असे लिहिलेले. ते दाबायचे, मग 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', 'आय ॲग्री', 'फिनिश'. फोटो लहान होतो, अर्ज जातो आणि घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात.

चार दिवसांनी ब्राउझर उघडावा, तर नेहमीच्या शोधयंत्राऐवजी भलतेच पान समोर येते. पडद्याच्या कोपऱ्यातून जाहिराती उसळू लागतात. संगणक सुरू व्हायला पूर्वी एक मिनिट लागे, आता तेवढ्यात चहा उकळून होतो. वडील म्हणतात, "जुना झाला आता." वास्तविक त्याच्या अंगी पूर्वीइतकेच बळ असते, फक्त त्यातले बरेचसे दुसऱ्याच कोणाच्या कामी लागलेले असते.

हे 'दुसरे कोणी' मुख्यतः दोन प्रकारचे. आपल्या इच्छेविरुद्ध जाहिराती दाखवणारे ते ॲडवेअर, आणि आपल्या नकळत आपली माहिती गोळा करून बाहेर पाठवणारे ते स्पायवेअर. पहिल्याला जाहिरातखोर म्हणा, दुसऱ्याला हेर. मात्र दोघांमधली रेषा फार पुसट आहे. कोणती जाहिरात दाखवावी हे ठरवायचे तर तुम्ही काय पाहता, काय शोधता, हे जाहिरातखोराला ठाऊक हवेच. म्हणजे थोडी हेरगिरी त्यालाही करावी लागते.

२००० साली अमेरिकेतील स्टीव्ह गिब्सन या प्रोग्रॅमरला आपल्याच संगणकावर असा एक जाहिरात दाखवणारा प्रोग्रॅम आढळला. तो कोठून आला हे त्यांना कळेना. दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून तो आला होता. गिब्सन यांनी तो काढून टाकण्यासाठी 'ऑप्टआउट' नावाचे साधन लिहिले. स्पायवेअर हटवणाऱ्या पहिल्यावहिल्या साधनांत त्याची गणना होते. पंचवीस वर्षे उलटली तरी प्रवेशाची रीत फारशी बदललेली नाही.

आता आपण थोडे गणित करू या. समजा, एक जाहिरात दाखवल्याबद्दल या मंडळींना फक्त एक पैसा मिळतो. एका संगणकावर दिवसाला २० जाहिराती दाखवल्या तर २० पैसे. ही रक्कम इतकी क्षुल्लक की कोणी त्यासाठी बोटही उचलणार नाही. पण असे एक लाख संगणक हाती आले तर? दिवसाला २०,००० रुपये, तेही झोपेत असताना. म्हणून या धंद्यात एका घरात मोठा दरोडा घालण्यापेक्षा लाखो घरांत चिमूटभर चोरी करणे परवडते. "माझ्या संगणकात आहेच काय चोरण्यासारखे?" असे म्हणणारे सद्गृहस्थ हे गणित विसरतात.

हे लाखांचे आकडे काल्पनिक नव्हेत. जून २०१७ मध्ये 'चेक पॉइंट' या सुरक्षा कंपनीने 'फायरबॉल' नावाच्या ॲडवेअरबद्दल माहिती प्रसिद्ध केली. ते फुकट सॉफ्टवेअरबरोबर येई आणि ब्राउझरचे मुखपृष्ठ व शोधयंत्र बदलून टाकी. कंपनीच्या अंदाजाने जगात २५ कोटी संगणकांना त्याची लागण झाली होती आणि त्यांपैकी सुमारे अडीच कोटी एकट्या भारतात होते. मायक्रोसॉफ्टने पुढे हे आकडे फुगवलेले असल्याचे म्हटले. मलाही तो आक्षेप योग्य वाटतो. संकेतस्थळांच्या वर्दळीवरून केलेली मोजदाद ही प्रत्यक्ष संगणक तपासून केलेल्या मोजदादीइतकी भरवशाची नसते. पण फायरबॉल होते हे खरे, आणि ते मनात आणले तर जाहिरातींपलीकडचेही काही त्या संगणकांवर आणून बसवू शकले असते, हेही खरे.

कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत

जाहिराती त्रासदायक खऱ्या, पण त्यांनी घर बुडत नाही. हेराचे तसे नाही. तो नेमके काय करतो हे समजण्यासाठी आपण एका कळेचा प्रवास पाहू या.

कळफलकावरील कळ तुम्ही दाबता तेव्हा आतील तारांच्या जाळीत एक परिपथ पूर्ण होतो. कळफलकातील लहानसा नियंत्रक कोणती कळ दाबली गेली त्याचा क्रमांक संगणकाला कळवतो. अक्षर नव्हे, केवळ क्रमांक. विंडोजसारखी कार्यप्रणाली तो क्रमांक घेते, त्याचा अर्थ लावते आणि ज्या खिडकीत तुम्ही लिहीत असाल त्या प्रोग्रॅमकडे निरोप पोचवते. या वाटेवर कार्यप्रणालीने एक सोय ठेवलेली आहे : दुसरा एखादा प्रोग्रॅम "हा निरोप मलाही कळवत जा" अशी विनंती करू शकतो.

अशी सोय कशासाठी ठेवली असेल? तिचे एक उदाहरण आपल्या मराठीतच आहे. इंग्रजी कळफलकावर 'एन-ए-एम-ए' असे टाइप करावे आणि पडद्यावर 'नम' उमटावे, ही करामत करणारी साधने तुम्ही वापरली असतील. असे साधन प्रत्येक कळ वाचल्याशिवाय काम करूच शकणार नाही! कळ वाचणे हा गुन्हा नव्हे. वाचून तिचे 'नम' करणारा प्रोग्रॅम तुमचा लेखनिक ठरतो, आणि तीच कळ वहीत टिपून रात्री इंटरनेटवरून पाठवून देणारा प्रोग्रॅम हेर ठरतो. पहिल्या पायरीला दोघांचे वागणे सारखेच असते. अनोळखी संकेतस्थळावरून घेतलेल्या 'मोफत मराठी टायपिंग'च्या साधनाबद्दल सावध राहायचे ते यासाठी. अँड्रॉइड फोनवर नवा कळफलक बसवताना "हा कळफलक तुम्ही टाइप केलेले सर्व काही, पासवर्डसह, गोळा करू शकेल" अशा अर्थाची सूचना येते. ती आपण न वाचता पुढे ढकलतो. एकदा सावकाश वाचून पाहा.

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपके उमटतात, त्याने पुष्कळांना हायसे वाटते. ते ठिपके शेजारी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठी आहेत. कळेचा क्रमांक संगणकात जातो तो ठिपका होऊन जात नाही. म्हणून कळा टिपणारा हेर आत असेल तर पासवर्ड ८ अक्षरी असो की १८ अक्षरी, सारखेच. आणि हल्ली घरच्या संगणकावरून काय काय होते पाहा : वडिलांचे बँक खाते, केळीच्या पीकविम्याचा अर्ज, आईच्या बचत गटाचा हिशेब, ताईची प्रवेशप्रक्रिया. प्रवेशाच्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती गेला तर महाविद्यालयांचा पसंतीक्रम बदलला जाऊ शकतो, आणि ते कळेपर्यंत मुदत संपलेली असते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गृहस्थ, व्यापारी, तपस्वी अशा निरनिराळ्या वेषांतील हेरांचे वर्णन आहे. दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवू नये, उलट आदराने आत घ्यावे, हा त्या वेषांचा उपयोग. संगणकातील हेर फोटो लहान करणारा, व्हिडिओ दाखवणारा, संगणक 'स्वच्छ' करून देणारा अशा वेषात येतो. कधी तर चक्क "तुमच्या संगणकात ३७ व्हायरस सापडले" असे ओरडत वैद्याच्या वेषात येतो!

परवानगी कोण देतो?

येथे मुद्द्याची गोष्ट सांगतो. भिंतीला भोक पाडून आत शिरणारे प्रोग्रॅमही असतात; पण घरच्या संगणकातील ॲडवेअर आणि स्पायवेअर बहुधा दारातूनच, आपण 'होय' म्हटल्यावर आत येते. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, म्हणजे २००० सालच्या कायद्याचे, ४३ वे कलम संगणकाच्या मालकाच्या 'परवानगीशिवाय' त्यात घातक प्रोग्रॅम घालण्याबद्दल आहे. जाहिरातखोर मंडळी हा शब्द नीट वाचून असतात. म्हणून तर ते 'आय ॲग्री' या चौकटीत आपली खूण करवून घेतात. त्या चौकटीमागच्या मजकुरात, कोठेतरी तेविसाव्या परिच्छेदात, "सोबतचे सहयोगी सॉफ्टवेअर" वगैरे लिहिलेले असते. त्यांना अडवायचे ते ठिकाण हेच.

सॉफ्टवेअर बसवताना 'एक्स्प्रेस' आणि 'कस्टम' असे दोन मार्ग विचारले तर नेहमी दुसरा घ्यावा. त्यात कोणकोणते सोबती येत आहेत ते दिसते आणि त्यांच्या चौकटींतील खुणा काढता येतात. घाई असेल त्या दिवशी नवे सॉफ्टवेअर बसवूच नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. ते हसतात.

फुकट सॉफ्टवेअर सगळेच वाईट, असे मात्र समजू नका. व्हीएलसी, लिब्रेऑफिस, गिम्प ही उत्तम आणि खरोखर फुकट साधने आहेत. त्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते. प्रश्न ती कोठून घेतली हा आहे. जाहिरात चिकटवलेल्या नकली व्हीएलसीबद्दल ते बनवणाऱ्या संस्थेलाच तक्रार करावी लागली होती. २०१५ मध्ये तर 'सोर्सफोर्ज' या नामांकित संग्रहस्थळावरील गिम्पच्या विंडोज आवृत्तीला जाहिरातींचे वेष्टन घातलेले आढळले, आणि मोठा गहजब झाला. सबब शोधयंत्रात सर्वांत वर दिसणाऱ्या दुव्यावर न जाता सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरमधून घ्यावे. पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरचे 'क्रॅक' वापरणाऱ्यांबद्दल काय बोलावे? कुलूप फोडून देणारा अनोळखी माणूस आपल्या घरात तासभर एकटा राहिला, तर तो काय काय करून जाईल याचा विचार त्यांनीच करावा.

पुष्कळदा तर हवे ते साधन संगणकात आधीच असते. छायाचित्राचेच घ्या. मोबाइलचे छायाचित्र साधारण ४००० गुणिले ३००० बिंदूंचे, म्हणजे एक कोटी वीस लाख बिंदूंचे असते. ते विंडोजमधील 'पेंट'मध्ये उघडावे आणि 'रीसाइझ'मध्ये लांबी-रुंदी दोन्ही १० टक्के करावी. बिंदू किती राहिले? ४०० गुणिले ३००, म्हणजे एक लाख वीस हजार. बरोबर शंभरावा भाग. चार हजार केबीची फाइल 'जेपीईजी' म्हणून जतन केली की साधारण चाळीस केबीच्या आसपास येते. झाले काम! मराठी टायपिंगचेही तसेच. विंडोजच्या भाषाविषयक सेटिंग्जमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आहे आणि २०१९ पासून उच्चारानुसार लिहिण्याचाही आहे.

ब्राउझरमध्ये दोन दारे आणखी आहेत. "तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी 'ॲलाउ' दाबा" असे एखादे पान म्हणते. त्याचा यंत्रमानवाशी काडीचाही संबंध नसतो. ते तुमच्याकडून सूचना पाठवण्याची परवानगी घेत असते, आणि मग ब्राउझर उघडा असो की लपलेला, जाहिराती टपकू लागतात. सेटिंग्जमधील 'नोटिफिकेशन्स'मध्ये जाऊन ती नावे खोडावीत. दुसरे दार एक्स्टेन्शनचे. एक्स्टेन्शन घेताना "सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचणे व बदलणे" अशी परवानगी मागितली जाते. 'सर्व संकेतस्थळे' यात बँकेचेही आले, हे ध्यानात घ्या. हवामान दाखवणाऱ्या एक्स्टेन्शनला बँकेचे पान कशाला वाचायचे आहे? ज्या कामासाठी एखादा प्रोग्रॅम घेतला त्या कामाला त्याने मागितलेली परवानगी खरोखरच लागते का, एवढा एकच प्रश्न विचारायची सवय लागली तरी निम्मे हेर दारातच अडतात.

आता सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. विंडोजमध्ये खाती दोन प्रकारची असतात : व्यवस्थापकाचे आणि साधे. घरात बहुधा एकच खाते असते आणि ते व्यवस्थापकाचे असते. म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या कमरेला अडकवून बाजारहाट करण्यासारखे. घरातील प्रत्येकाला साधे खाते करून द्यावे. व्यवस्थापकाच्या खात्याचा पासवर्ड आईजवळ किंवा वडिलांजवळ असावा. मग एखादा प्रोग्रॅम साऱ्या संगणकावर ठाण मांडू पाहील तेव्हा तो पासवर्ड विचारला जाईल आणि कोणालातरी उठून यावे लागेल. तेवढी दहा पावले चालताना पुष्कळ शहाणपण सुचते. साध्या खात्यातही त्या त्या माणसापुरता उपद्रव होऊ शकतो, पण सबंध घर उघडे पडत नाही. शिक्षकांना विनंती अशी की, शाळेच्या संगणक कक्षातही हेच करावे. आणि पासवर्डची चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवू नये.

कधी कधी हेर घरी येण्याआधीच यंत्रात बसवलेला असतो, याचेही उदाहरण आहे. २०१४-१५ मध्ये लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपवर 'सुपरफिश' नावाचे ॲडवेअर कारखान्यातूनच आले होते. बँकेच्या पानावर दिसणारे कुलपाचे चिन्ह म्हणजे त्या संकेतस्थळाच्या ओळखपत्राची ब्राउझरने केलेली खात्री. सुपरफिशने अशी ओळखपत्रे तयार करणारा स्वतःचा शिक्काच लॅपटॉपमध्ये ठेवला होता, म्हणजे कुलूपबंद पानांतही जाहिराती घुसवता याव्यात. शिक्क्याची गुप्त किल्ली सर्व लॅपटॉपवर एकच होती आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये संशोधकांनी ती शोधूनही काढली. त्यानंतर कोणताही चोर त्या लॅपटॉपपुढे बँकेचे सोंग घेऊ शकला असता. जाहिरात दाखवण्याच्या हावेपायी घराचे कुलूपच निकामी झाले ते असे.

पुण्यातील दुरुस्तीचे दुकान

हेर पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रातीलच आहे. कैलाश काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम शिकून घेतले आणि १९९० च्या सुमारास पुण्यात स्वतःचे छोटे दुकान थाटले. पुढे दुकानात संगणक येऊ लागले, आणि त्यांतले पुष्कळसे फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसने आजारी असत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी ते व्हायरस काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. त्यातून १९९५ मध्ये 'क्विक हील' तयार झाले. अमुकच उत्पादन घ्या असे मला सांगायचे नाही. विंडोजमध्ये 'डिफेंडर' हे साधन मुळातच असते आणि ते चालू ठेवले तर घरच्या वापराला चांगले पुरते.

अशी साधने ओळखतात कशी? फाइल म्हणजे अखेर अंकांची लांबलचक ओळ. तिच्यावर ठरावीक आकडेमोड करून एक आखूड संख्या काढता येते. ती फाइलच्या बोटाच्या ठशासारखी. माहीत असलेल्या हेरांच्या ठशांची यादी जवळ ठेवायची आणि प्रत्येक फाइलचा ठसा तिच्याशी ताडून पाहायचा. मात्र फाइलमधील एक अंक बदलला तरी ठसा पार बदलतो. हे हेरांनाही ठाऊक असल्याने ते रोज थोडे रूप पालटतात. म्हणून आधुनिक साधने वागणूकही पाहतात : हा प्रोग्रॅम कळा वाचतो आहे काय, ब्राउझरची सेटिंग्ज बदलतो आहे काय? तुम्ही आपण होऊन 'होय' म्हटलेल्या ॲडवेअरपाशी मात्र ही साधने पूर्वी बिचकत. आता विंडोज सिक्युरिटीत 'संभाव्य नकोशी ॲप्स अडवा' अशा अर्थाचा पर्याय असतो. तो चालू आहे ना, हे पाहून घ्या. विंडोज १० च्या नियमित मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, हेही घरी सांगा.

हेर आत आलाच असेल तर आधी इंटरनेट तोडावे. अलीकडे बसलेले अनोळखी प्रोग्रॅम आणि एक्स्टेन्शन काढावीत, ब्राउझर मूळ स्थितीला आणावा, मग डिफेंडरची 'ऑफलाइन स्कॅन' चालवावी. सीईआरटी-इन या सरकारी संस्थेच्या, २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडेही मोफत साधने मिळतात. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, निरोगी संगणकावरून. त्याच संगणकावर बदलले तर नवा पासवर्डही हेराच्या वहीत जाईल. आजार हटेना तर महत्त्वाच्या फाइली बाजूला काढून विंडोज नव्याने बसवणे हा सरळ मार्ग. पैसे गेले असतील तर एक क्षणही न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेला सांगावे. फोनही या बाबतीत संगणकच; लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचे चलान म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाइल उघडणे म्हणजे अनोळखी प्रोग्रॅम बसवणेच होय.

करून पाहा

जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा संगणकाचा पंखा घरघरणारच. तो हवेच्या उष्म्याने घरघरतो आहे की कोणी आत राबते आहे, हे कसे ओळखाल? प्रोसेसर जितका राबतो तितकी वीज घेतो, आणि ती सारी अखेर उष्णतेत जाते. तेव्हा संगणक सुरू करा, दहा मिनिटे काहीही करू नका, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून 'टास्क मॅनेजर' उघडा. 'सीपीयू'खालचा आकडा वहीत लिहा. खोलीचे तापमान, सुरू व्हायला लागलेला वेळ आणि 'स्टार्टअप'मधील प्रोग्रॅमांची संख्याही लिहा. आकडा बराच वेळ मोठा राहिला तर तो कोणाच्या नावावर आहे ते पाहा. लगेच हेर सापडला म्हणून नाचू नका; विंडोजची सुधारणा किंवा डिफेंडरची तपासणी चालू असली तरी आकडा चढतो. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ नोंदी घ्या. मग ज्याची ओळख पटत नाही असा एकच प्रोग्रॅम स्टार्टअपमधून बंद करा, संगणक पुन्हा सुरू करा आणि पुन्हा मोजा. एका वेळी एकच, म्हणजे फरक कोणामुळे पडला ते कळेल. आठवड्याच्या नोंदींचा आलेख काढून तो विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.